कन्सल्टिंगमध्ये जायचं, तर कोणत्या बी-स्कूलमधून?

धाराशिवचं तेरणा आणि तुळजापूरचं तुळजाभवानी ही दोन अभियांत्रिकी महाविद्यालयं जिल्ह्यात गेली कित्येक वर्षं आहेत. तिथून शिकून बाहेर पडलेली मुलं-मुली आज हिंजवडीत आहेत, हैदराबादेत आहेत, साखर कारखान्यांत आणि बँकांत आहेत. नोकरीची चार-पाच वर्षं झाली की त्यांच्यातले काही जण एकच प्रश्न विचारतात: कन्सल्टिंगमध्ये जायचंय, कोणत्या कॉलेजातून एमबीए करू? उत्तर म्हणून त्यांना बहुतेक वेळा रँकिंगची यादी मिळते. त्या यादीचा या प्रश्नाशी फार थोडा संबंध आहे आणि तिच्यावर विसंबून घेतलेलं कर्ज घर दहा वर्षं फेडत बसतं. म्हणून हा सगळा प्रश्न एकदा नीट मांडून पाहू.

सुरुवात कन्सल्टिंगच्या नोकऱ्यांपासून करायला हवी, कारण या एकाच नावाखाली निरनिराळी कामं खपतात. मॅकिन्झी (1926), बीसीजी (1963) आणि बेन (1973) या कंपन्या मोठ्या उद्योगांना धोरणाचा सल्ला देतात. त्या भारतात थोड्याच कॅम्पसवर जातात आणि थोडेच लोक घेतात. डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी या चौघांचा पसारा मोठा आहे. सरकारी प्रकल्पांपासून करसल्ल्यापर्यंत आणि सॉफ्टवेअर बसवून देण्यापर्यंत सगळं काम त्यांच्याकडे चालतं. त्याशिवाय याच कंपन्यांची हैदराबाद, बंगळूर, पुण्यातली मोठी केंद्रं परदेशी ग्राहकांसाठी काम करतात. एखादं कॉलेज ‘आमची चाळीस टक्के मुलं कन्सल्टिंगला गेली’ असं सांगतं, तेव्हा या तीन गोष्टी बऱ्याचदा एकत्र मोजलेल्या असतात. हिंजवडीत सॅप बसवणारा मुलगा पंचवीस लाख खर्चून पुन्हा सॅपच बसवायला गेला, फक्त पदाचं नाव बदललं, असं होऊ शकतं. त्यात कमीपणा काही नाही, पण तेवढ्यासाठी एमबीएची गरज नव्हती.

म्हणून कॉलेजच्या प्लेसमेंट अहवालात कंपनीच्या नावाशेजारी पद काय आहे ते बघावं. सरासरी पगार बाजूला ठेवून मध्यक बघावा, कारण दोन-तीन भल्या मोठ्या पॅकेजांनी सरासरी फुगते. अहवालाचं लेखापरीक्षण झालंय का, हेही विचारावं. आयआयएम अहमदाबादनं पुढाकार घेऊन अशा अहवालांसाठी एक प्रमाणित पद्धत आणली आणि ती संस्था आपला अहवाल बाहेरच्या यंत्रणेकडून तपासून घेते. बाकीच्या किती संस्था तसं करतात हे एकेका संकेतस्थळावर जाऊन पाहिलं तरी निवडीचं अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं काम फोनवर होतं. गेल्या दोन तुकड्यांतल्या, तुमच्यासारखीच पार्श्वभूमी असलेल्या दोघा-तिघांना गाठून विचारावं की शॉर्टलिस्ट कुणाची लागली आणि कुणाची नाही.

शॉर्टलिस्ट हाच या रस्त्यावरचा खरा टोलनाका आहे. कंपनी कॅम्पसवर येण्याआधी सीव्ही मागवते आणि मोजक्या मुलांनाच मुलाखतीला बोलावते. त्या सीव्हीत दहावी, बारावी, पदवीचे गुण असतात, नोकरीत काय केलं ते असतं आणि मध्ये गॅप पडला असेल तर तोही असतो. आपल्याकडे हा गॅप बहुतेकदा स्पर्धा परीक्षेचा असतो. सदाशिव पेठेत एमपीएससी करत घालवलेली तीन वर्षं ही मेहनतीचीच वर्षं आहेत, पण सीव्ही चाळणाऱ्या माणसाला त्यात रिकामी जागा दिसते. त्या काळात शिकवणी घेतली असेल, एखाद्या संस्थेत काम केलं असेल, घरचा धंदा सांभाळला असेल, तर ते आकड्यांसह लिहावं. आयआयएममध्ये प्रवेशाच्या वेळीही दहावी-बारावीच्या गुणांना वजन असतं. अहमदाबाद आणि बंगळूर तर ते उघडपणे मोजतात. बारावीला साठ टक्के असलेल्या मुलानं कॅटला 99 परसेंटाइल आणला तरी त्याला तिथून बोलावणं येईलच असं नाही. हे आधी कळलं तर माणूस दोन वर्षं एकाच दारावर डोकं आपटत बसत नाही.

नोकरी बदलू पाहणाऱ्यासाठी रँकिंगपेक्षा महत्त्वाचा मुद्दा अभ्यासक्रमाच्या लांबीचा आहे. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षानंतर दोनेक महिन्यांची समर इंटर्नशिप असते. ज्यानं कन्सल्टिंग कधी केलेलं नाही त्याला ते काम करून दाखवायची संधी तिथं मिळते, आणि काम आवडलं तर कंपनी तिथंच कायम नोकरी देऊ करते. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात ही पायरी नसते. तिथं कंपनी तुमच्या आधीच्या अनुभवाला पैसे मोजते. ऊर्जा, औषधं, बँकिंग, साखर अशा क्षेत्रात सात-आठ वर्षं मुरलेल्या माणसाला ते सोयीचं पडतं, कारण त्या क्षेत्रातल्या ग्राहकांसाठी कंपनीला तोच माणूस हवा असतो. ज्याचा अनुभव तीन वर्षांचा आणि सर्वसाधारण आहे, त्याला एक वर्षाचा अभ्यासक्रम महाग पडण्याची भीती जास्त. माझं मत सांगायचं तर तीन वर्षांच्या आत अनुभव असेल तर दोन वर्षांचाच अभ्यासक्रम घ्यावा, पाचाच्या वर असेल तर एक वर्षाचा. मधल्यांनी आपण कोणत्या क्षेत्रात काम केलंय ते बघून ठरवावं.

दोन वर्षांच्या वाटेवर मराठवाड्यातल्या मुलानं सर्वांत आधी ज्याचा विचार करावा ती संस्था चर्चगेटला आहे. जमनालाल बजाज, म्हणजे जेबीआयएमएस, मुंबई विद्यापीठानं 1965 मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्यानं सुरू केली. उदय कोटक तिथलेच विद्यार्थी. कॅप राउंडमधला प्रवेश राज्याच्या एमबीए सीईटीच्या गुणांवर होतो. दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न, आणि त्यानंतर गटचर्चा नाही की मुलाखत नाही. ज्याची दहावी-बारावी बेताची झाली पण डोकं तल्लख आहे, त्याला इतक्या नामांकित ठिकाणी असं दार क्वचितच सापडतं. दोन वर्षांची फी दहा लाखांच्या आत आहे. अडचण इतकीच की जागा थोड्या आहेत, त्यामुळं परसेंटाइल 99च्या बराच वर लागतो. आपल्या विद्यापीठाच्या पदवीधराला कोणत्या कोट्यात किती जागा आहेत ते त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत बघूनच पसंतीक्रम भरावा. तिथं शिरल्यावरही शॉर्टलिस्टसाठी जुने गुण बघितले जातातच. पण हे कर्ज झेपणारं असतं, आणि कन्सल्टिंग हुकलं तरी वित्त किंवा विपणनातली चांगली नोकरी मिळते. याच सीईटीवर मिळणाऱ्या सिडनहॅम आणि पुणे विद्यापीठाच्या पुम्बा या संस्था फीच्या मानानं उत्तम आहेत, पण धोरण-सल्ल्याच्या मोठ्या कंपन्यांवर डोळा ठेवून तिथं जाऊ नये.

पवईची नीटी 1963ची. 2023 मध्ये ती आयआयएम मुंबई झाली. कारखाना, पुरवठा साखळी, गोदामं हे तिचं जुनं बलस्थान आहे, त्यामुळं उत्पादनात काम केलेल्या इंजिनिअरला ऑपरेशन्स कन्सल्टिंगसाठी ती फार योग्य जागा आहे. साखर कारखान्यात दोन-तीन गळीत हंगाम काढलेल्या मुलानं ती यादीत वर ठेवावी. अंधेरीचं एसपीजेआयएमआर सीव्ही बारकाईनं वाचतं आणि विद्यार्थ्यांना काही आठवडे ग्रामीण भागातल्या संस्थांमध्ये कामाला पाठवतं. तिथं आपल्याकडच्या मुलाची पार्श्वभूमी उपयोगी पडू शकते. आयआयएम नागपूर 2015चं आहे. घराजवळ आहे म्हणून ते निवडू नये आणि नवं आहे म्हणून टाळूही नये, वरच्या पद्धतीनं अहवाल वाचून ठरवावं. पुण्यातल्या खाजगी संस्थांमध्ये एसआयबीएमसारखी एखाद-दुसरी सोडली, तर कन्सल्टिंगसाठी पंधरा-वीस लाख घालावेत असं मला वाटत नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं एमबीए किंवा नामांकित संस्थांची ऑनलाइन प्रमाणपत्रं आहे त्या नोकरीत बढतीला कामी येतात. कंपनी बदलायला ती पुरी पडत नाहीत.

एक वर्षाच्या वाटेवरचं मोठं नाव हैदराबादेत आहे. 1956 पर्यंत आपल्या जिल्ह्याची राजधानीच हैदराबाद होती, आणि आजही नळदुर्ग-उमरग्याच्या माणसाला मुंबईपेक्षा तेच जवळ पडतं. तिथं 2001 मध्ये सुरू झालेलं आयएसबी ज्यांच्या पुढाकारातून उभं राहिलं त्यात रजत गुप्ता आणि अनिल कुमार होते, दोघंही तेव्हा मॅकिन्झीत. कन्सल्टिंगशी या संस्थेचं नातं असं जन्मापासूनचं आहे. प्रवेशाला दोन वर्षांचा अनुभव आणि जीमॅट किंवा जीआरई लागते. खर्च राहणं धरून पस्तीस-चाळीस लाखांच्या घरात जातो. तुकडी मोठी असल्यामुळं कंपन्या भरपूर येतात, आणि त्याच कारणानं एका शॉर्टलिस्टसाठी स्पर्धाही दांडगी असते. अहमदाबादचा पीजीपीएक्स 2006चा. त्याला किमान चार वर्षांचा अनुभव लागतो, प्रत्यक्षात मुलं त्याहून बरीच अनुभवी असतात. जीमॅटचा गुण पाच वर्षं चालतो आणि कॅटचा त्याच वर्षापुरता, ही गोष्ट नोकरी सांभाळून अभ्यास करणाऱ्यानं लक्षात घ्यावी.

परदेशाबद्दल थोडक्यात. इन्सियाड (1957) दहा महिन्यांत एमबीए देतं आणि तिथली निम्म्याच्या आसपास तुकडी कन्सल्टिंगला जाते. पण त्यातले बरेच जण मुळात कन्सल्टिंग कंपन्यांनीच पाठवलेले असतात आणि ते आपल्या जागी परत जातात. नव्यानं शिरणाऱ्याची शक्यता त्यामुळं आकड्यात दिसते तेवढी नसते. अमेरिकेत दोन वर्षं, समर आणि मोठं शुल्क हे सगळं आहेच, वर व्हिसाची टांगती तलवार. परतफेड रुपयांतल्या पगारातून करावी लागली तर काय, याचं उत्तर हाताशी असल्याशिवाय तिकडं जाऊ नये. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीनं अनुसूचित जातींतल्या कितीतरी मुलांना परदेशी विद्यापीठांत पोचवलं आहे. सारथी आणि महाज्योतीच्याही योजना आहेत. मात्र अशा योजनांसाठी बहुतेकदा क्यूएस क्रमवारी बघितली जाते, आणि ती विद्यापीठांची क्रमवारी असल्यानं इन्सियाड किंवा लंडन बिझनेस स्कूलसारख्या नुसत्या व्यवस्थापन संस्था तिच्यात नसतात. अर्ज करण्याआधी हे तपासावं.

आता पैशाकडं येऊ. आपल्या भागात सगळी गणितं इथंच अडतात. दहा टक्के व्याजानं दहा वर्षांसाठी सात लाखांचा हप्ता महिन्याला साधारण 9,250 रुपये येतो, पंचवीस लाखांचा 33,000 आणि चाळीस लाखांचा जवळपास 53,000. शिकत असताना व्याज चढत राहतं ते वेगळं. हा हप्ता मनासारखी नोकरी लागली असं धरून मोजू नये. मनासारखी लागली नाही तर जी लागेल, तिच्या पगारातून घरी पैसे पाठवून काय उरतं ते मोजावं.

कर्जाला तारण म्हणून बारा एकर जिरायत आहे असं घरचे सांगतात. बँक मान हलवते, कारण 2002च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे आणि ती जप्त करून विकणं बँकेला सोपं नसतं. गावातलं घर गावठाणात असेल आणि कागद धड नसतील तर तेही चालत नाही. शहरातलं एनए प्लॉटवरचं घर किंवा मुदत ठेव असली तर वेगळी गोष्ट. सोयाबीनवर जगणाऱ्या कुटुंबाकडं यातलं काही नसतं. म्हणून यादीतली संस्था कोणती हे कर्जाच्या दृष्टीनंही महत्त्वाचं ठरतं. नामांकित संस्थांसाठी सरकारी बँका विनातारण मोठी रक्कम देतात. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांच्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलतही. राज्याची राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती हवी असेल तर प्रवेश कॅप राउंडमधूनच घ्यावा लागतो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची टॉप क्लास योजना यादीतल्या आयआयएमची पूर्ण फी भरते. ती माहीत नसल्यामुळं कुणी कर्ज काढावं हे वाईट आहे.

कागदपत्रांचा एक घोळ दरवर्षी होतो. राज्याचं एसईबीसी आरक्षण जेबीआयएमएससारख्या राज्यातल्या जागांवर चालतं, आयआयएममध्ये चालत नाही. तिथं केंद्राच्या यादीनुसार ओबीसी नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र लागतं, तेही केंद्राच्या नमुन्यात आणि चालू तारखेचं. तहसीलच्या खेपा कॅटच्या अर्जाआधी उरकाव्यात, निकालानंतर वेळ पुरत नाही. आयएसबीमध्ये जातीनिहाय आरक्षण नाही.

शॉर्टलिस्ट लागली की केस मुलाखत असते, आणि या टप्प्यावर आपल्या मुलांकडं असलेलं बळ त्यांना स्वतःलाच ठाऊक नसतं. समजा मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं: भूमच्या एका खवा भट्टीचा नफा निम्म्यावर आलाय, खव्याचा भाव तोच, दुधाचा दर तोच, का? तयारी केलेला उमेदवार आधी आकडे मागेल. रोज हजार लिटर दूध, लिटरला 44 रुपये. सरपण आणि मजुरी 3,600. खवा निघतो 200 किलो, किलोला 280 रुपये. म्हणजे 56,000 आले, 47,600 गेले, रोज 8,400 सुटत होते. मग तो खर्च आणि विक्री अशा दोन फांद्या करेल, भाव आणि दर बदललेले नाहीत म्हणून ते बाजूला ठेवेल आणि उताऱ्यावर येईल. आज किती किलो निघतो? 185. पंधरा किलो कमी म्हणजे 4,200 रुपये, बरोबर निम्मा नफा. उतारा का घटला? भट्टीवाला दूध लिटरवर घेतो, फॅट बघत नाही, आणि म्हशीच्या दुधात गायीचं दूध मिसळून यायला लागलंय. उपाय काय, तर फॅट मोजायचं यंत्र घ्यावं आणि फॅटवर दर द्यावा. पण मग चार गवळी दुसऱ्या भट्टीकडं जातील, त्याचं काय? इथून खरी मुलाखत सुरू होते.

भूम-वाशीकडच्या पोराला यातला उतारा कुणी शिकवावा लागत नाही. त्याला शिकावं लागतं ते हे सगळं मोठ्यानं, क्रमानं आणि इंग्रजीत बोलायला, समोरचा माणूस मध्येच तोडत असताना. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्याला हे जमतं, पण एकट्यानं जमत नाही. रोज संध्याकाळी समोर बसून केस घेणारा जोडीदार लागतो आणि चुका दाखवणारा सीनियर लागतो. चांगल्या बी-स्कूलमध्ये ही मंडळी आयती मिळतात. दोन संस्थांची फी आणि कंपन्या सारख्याच असतील, तर जिथले सीनियर रात्री अकराला तुमच्यासाठी तासभर बसतात ती निवडावी.

या आढाव्यात आणखी एक वाट घ्यायलाच हवी, कारण तिचा उगम याच जिल्ह्यात दिसतो. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानं किल्लारी, सास्तूर, उमरगा-लोहाऱ्याची गावं उद्ध्वस्त केली. पुनर्वसनाला जागतिक बँकेचा पैसा आला. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात लोकसहभागासाठी सल्लागार नेमलं गेलं. संस्थेच्या प्रेमा गोपालन यांनी गावोगावच्या बायकांना संवाद सहायक केलं. घर कसं मजबूत करायचं, अनुदान कुठं अडलंय, अभियंत्याला काय विचारायचं, हे त्या गावाला समजावत आणि गावाचं म्हणणं सरकारपर्यंत नेत. ग्राहक सरकार होतं, पैसा बाहेरचा होता, आणि सल्ला गावातून वर जात होता. विकासाच्या क्षेत्रातलं कन्सल्टिंग आजही याच सांध्यावर चालतं.

त्यासाठी शिकायला फार दूर जावं लागत नाही. धाराशिवपासून वीस-बावीस किलोमीटरवर तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर 1986 पासून आहे. वर्गीस कुरियन यांनी 1979 मध्ये सुरू केलेलं आणंदचं इर्मा, हैदराबादचं मॅनेज, पुण्याचं वैकुंठ मेहता संस्थान ही बाकीची ठिकाणं. शेतकरी उत्पादक कंपन्या, स्मार्टसारखे राज्याचे प्रकल्प, 2018 पासून आकांक्षित म्हणून नोंदलेल्या आपल्यासारख्या जिल्ह्यांतलं काम, या सगळ्यांना हिशेब आणि गाव दोन्ही कळणारी माणसं हवी आहेत. बिग फोरचे सरकारी सल्ला विभागही अशी माणसं घेतात. पगार मुंबईच्या धोरण-सल्लागाराच्या जवळपासही नसतो, हे स्पष्ट सांगायला हवं. पण खर्चही त्या मानानं कमी असतो. वय 21 ते 26 असेल तर 2015 मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री फेलोशिपही बघावी. वर्षभर शासनात काम आणि सोबत आयआयटी मुंबईचा अभ्यासक्रम, एवढ्यानं सीव्हीत ठळक भर पडते आणि हे काम आपल्याला खरंच आवडतं का तेही समजतं, तेही कर्ज न काढता.

विद्यापीठाच्या धाराशिव उपपरिसरात व्यवस्थापनशास्त्राचा विभाग आहे. तिथून थेट मॅकिन्झीला कुणी जाईल अशी अपेक्षा करू नये आणि तशी जाहिरातही कुणी करू नये. पण आठवड्यातून एक संध्याकाळ केस सरावाला खुली ठेवणं त्या विभागाला सहज शक्य आहे. पुण्या-मुंबईत, हैदराबादेत कन्सल्टिंग करणारे जिल्ह्यातले माजी विद्यार्थी ऑनलाइन समोर बसू शकतात. कॅटच्या अर्जाच्या आधी, जुलैमध्ये, दाखल्यांचं एक शिबिर तहसीलच्या मदतीनं भरवता येईल. खोली आहे, फळा आहे, मुलं आहेत. सीव्ही वाचून खरं सांगणारी पाच-सहा माणसं हवीत, आणि ती या जिल्ह्यानंच बाहेर पाठवलेली आहेत.